चाळीस जीबीची वाटणी

फॉरमॅटची पट्टी बेचाळीस टक्क्यांवर चार मिनिटं थांबली, मग पुढे सरकली. केदारखेड्याच्या घरातला कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा. आता त्यावर बद्रीनाथला विंडोज हवं होतं, धाकट्या रामकिसनला लिनक्स; तीन दिवस दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी माहेरी आलेल्या गिरिजाअक्काने डिस्कचे दोन सारखे भाग करून दोन्ही सिस्टीम टाकल्या.

“बिलकुल बराबर वाटणी, अक्का! तहसीलदारालाबी जमली नसती,” म्हणत बद्रीनाथने वडिलांच्या मागे राहिलेल्या शेतातला तिचा हक्क सोडायचा कागद पुन्हा पुढे केला. “आता जल्दी सही करून टाक.”

वर्षभर ती नुसतं ‘बघू’ म्हणत आली होती.



“सही न्हाई करणार, बद्री. शेताचे तीन हिस्से होतील.”