लाल चष्मा

सत्तरीतल्या बाबांच्या नाकावरचा जास्वंदीसारखा लालभडक चष्मा बघून लेकीला चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी तिनं त्यांना दुकानात नेलं आणि साधी तपकिरी फ्रेम निवडली.

"राहू दे गं, तुझ्या आईनं हट्टानं घ्यायला लावलाय हा," बाबा चाचरले.

"आईला धड दिसतं तरी कुठे आता? म्हातारपणी कसला हा नखरा!"

बोलल्यावर तिचं तिलाच चरचरलं. पण लाल चष्मा तिनं पर्समध्ये कोंबलाच.

घरी आल्यावर बाबा मुकाट्यानं आईसमोर जाऊन उभे राहिले. आईनं डोळे किलकिले केले, चाचपडत खुर्ची पुढे सरकवली.



"बसा हं. आमचे हे येतीलच इतक्यात. लाल चष्मा लावतात ना, तेवढा दिसतो मला."