डाय धुवायची वेळ

"आम्ही वाट पाहत आहोत. आणखी पाच मिनिटं थांबू."

मोबाइलवर हा मेसेज आला तेव्हा भिंगरीच्या हातात डायचा ब्रश होता आणि पुढ्यातल्या खुर्चीत हेडबाई होत्या. डोकं काळंभोर चोपडलेलं, मांडीवर पेपर.

"मुलाखत संध्याकाळी साडेसहाला ना तुझी?" हेडबाईंनी आरशातूनच विचारलं. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण त्यांनी काही विचारलं की समोरचा अजून फळ्यापाशी उभा राहतो.

"त्यांच्याकडच्या तीनला. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे..." भिंगरीने साडेअकरा उलटून गेलेल्या घड्याळाकडे पाहिलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "बाई, मी मिळवले! वजा करायचे होते!"

"आणि ही म्हणे एम.एस्सी.ला पहिली!"

तीनशे अर्ज, शेवटच्या फेरीत सहा जण, फेलोशिप एक. तीन वर्षं, परदेशातली प्रयोगशाळा, सगळा खर्च त्यांचा. मुलाखतीचा ड्रेस घरी हँगरवर, अंगावर डागाळलेला ॲप्रन, आई डायच्या ट्यूब आणायला बाजारात. आईच्या पार्लरमध्ये दोघीच. आणि हेडबाईंच्या डोक्यावरचा डाय धुवायला बारा मिनिटं बाकी.

"माझ्या तोंडाकडे काय बघतेस? लाव की फोन!"

शॅम्पूच्या बाटलीला टेकवून फोन उभा राहिला. पडद्यावर तिघं होते: टायवाले सर, चष्मेवाले तरुण सर, आणि पांढऱ्याशुभ्र केसांच्या एक मॅडम, ज्या मान वर न करता काहीतरी लिहीत होत्या. भिंगरीने सॉरी म्हटलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"पुरे," टायवाले म्हणाले. "केसात रंग कसा शिरतो, हा विषय का निवडलात?"

पाठ केलेलं उत्तर होतं. चांगलं दीड पानी. ते कुठल्या कुठे गेलं.

"माझी आई वीस वर्षं लोकांचे केस रंगवतेय. तिच्या बोटांची सालं निघतात. हातमोजे घाल म्हटलं, तर म्हणते, मग केस हाताला कळत नाहीत. मला असा रंग करायचाय, जो उघड्या हातांनी लावता येईल."

टायवाल्यांनी मान हलवली. चष्मेवाल्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, आणि भिंगरीला चक्क मजा यायला लागली. एका उत्तराला तर ते स्वतःच "अरे हो!" म्हणाले. तेवढ्यात बारा मिनिटं संपल्याचा गजर वाजला. तिने तो बंद केला. आरशात हेडबाई डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. कपाळाच्या कडेला लाल रेघ उमटत होती. त्यांनी पेपराखालून हात काढून हलवला. चालू दे, चालू दे.

भिंगरी एक वाक्य बोलली. दुसरं अर्ध्यावर सोडलं.

"सर, मला डाय धुवायचाय."

"आत्ता?"

"आत्ताच. त्यांचं डोकं भाजतंय."

"गप्प बस गं!" हेडबाई ओरडल्या. "अहो, घ्या तुम्ही मुलाखत. माझ्या डोक्याला काही होत नाही!"

"होतंय," भिंगरी म्हणाली, आणि तिने त्यांना दंडाला धरून बेसिनपाशी नेलंसुद्धा.

चष्मेवाले कॅमेऱ्याजवळ सरकत म्हणाले, "धुता धुता सांगता येईल? आत काय चाललंय ते?"

येईल म्हणजे काय! एका हातात पाण्याची नळी, दुसरा हात फेसात, आणि भिंगरी सुटली. "सर, आत शिरताना रंगाचे कण एवढेसे असतात. शिरले की एकमेकांचे हात धरतात, मोठे होतात, मग ज्या दारातून आले त्यातून बाहेर मावत नाहीत. म्हणून रंग टिकतो. भानगड अशी, की दार उघडं ठेवायला आपण जे वापरतो, ते दारही खातं आणि दार उघडणाऱ्याचे हातही. बाई, मान मागे. मला दुसरी किल्ली शोधायचीय."

"कान!" हेडबाई बेसिनमधून म्हणाल्या. "कानात पाणी!"

टायवाले हसू दाबता दाबता खोकले. दारात आई उभी होती, ट्यूबांची पिशवी छातीशी धरून. कधी आली कुणास ठाऊक. तिने पिशवी खाली ठेवली, भिंगरीच्या हातातली नळी काढून घेतली आणि तिला फोनकडे ढकललं.

"तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?" टायवाले म्हणाले. "एकच प्रश्न. साडेतीनचे उमेदवार बाहेर बसलेत."

ॲप्रनला हात पुसत भिंगरी म्हणाली, "तुमच्याकडे एका केसाचा आडवा छेद बघता येतो? आतला रंग कुठवर गेला, ते दिसतं?"

पांढऱ्या केसांच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. मग त्या उठल्या, आणि पडदा एकदम डचमळला.

त्यांनी लॅपटॉपच उचलला होता.

"मॅडम, साडेतीनचे..." मागून आवाज आला.

"बसतील दोन मिनिटं."

पडद्यावर छताचे दिवे सरकत होते, एकामागून एक. कॉरिडॉर. जिना. पुन्हा कॉरिडॉर. आई पुढे आली. टॉवेल गुंडाळलेल्या हेडबाई पुढे आल्या. तिघींची डोकी एका एवढ्याशा फोनवर टेकली. एक दार उघडलं. आत माणसाहून उंच, पांढरं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं आणि त्याच्यासमोर एक रिकामं स्टूल.

आई डोळे बारीक करून बघत राहिली.

"स्टूल बुटकं आहे गं," ती म्हणाली. "उशी घेऊन जा."