दिवस गेले नसल्याचा दाखला

"तीनशे दिवस," कारकून म्हणाला आणि त्याने लग्नाचा अर्ज खिडकीतून परत सरकवला.

घटस्फोट होऊन अकरा दिवस झाले होते. चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या बाईला तीनशे दिवस परवडणारे नव्हते. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची, लिफ्टवाल्याची, बदली झाली होती. महिनाअखेरीस निघायचं, आणि कंपनीच्या खोलीत फक्त लग्नाची बायको चालणार. तो मागच्या बाकावर टोपी पिळत बसला होता.

पहिल्या नवऱ्यालाही थांबावं लागणार का, असं तिने विचारलं. छे, पुरुषांना मुदत नसते. त्यांचं लग्न तर गेल्या सोमवारीच लागलं. याच खिडकीवर.

पुरुष: शून्य दिवस. स्त्री: तीनशे.

कारण सरळ होतं. बाईच्या पोटात मूल असलं तर ते कोणाचं, हा घोळ नको.

तिला हसू आवरेना. तिने निकालपत्राचं दुसरं पान त्याच्या नाकासमोर धरलं. पत्नीला मूल होऊ शकत नाही, सबब घटस्फोट मंजूर.

"होत नाही म्हणून सोडलं, आणि होईल म्हणून थांबवताय. एकदा काय ते ठरवा ना, साहेब."

कारकून ओशाळला. मग त्याने पळवाट सांगितली. दिवस गेले नसल्याचा डॉक्टरांचा दाखला आणा, उद्या लग्न लावू.

सासूने अकरा वर्षं तिला दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवायला लावल्या होत्या. नवरा एकदाही तपासून घ्यायला गेला नाही. त्याच्या घराण्यात म्हणे तसलं काही नसतं. त्यानंतर घटस्फोटापर्यंतची दोन वर्षं ती वेगळी राहिली, तेव्हा कुठे तो जाच संपला. आज मात्र तिला पहिल्यांदाच 'नाही' हेच उत्तर हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला.

सहा आठवडे.

लिफ्टवाला रडला, मग हसत सुटला. दोघं धावतच खिडकीवर आले. आता तर लग्न आजच लावा, बाळाला बापाचं नाव लागायला हवं, असं तो धापा टाकत सांगत होता.

कारकुनाने कागद वाचला. जाडजूड पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. मग एक पाकीट काढलं आणि त्यावर पहिल्या नवऱ्याचा पत्ता लिहायला घेतला.

"लागेल की नाव," तो म्हणाला. "तीनशे दिवसांच्या आत झालेलं मूल आधीच्या नवऱ्याचं. वडिलांना कळवावं लागतं."