नुसतं बघून

सर्बियातल्या पिरोत गावच्या बाजारात चाखल्याशिवाय चीज कुणी घेत नाही. स्तामेनाही सुरीच्या टोकावर तुकडा धरूनच गिऱ्हाइकाला हाक मारायची. आज मात्र डॉक्टर वुकाशिन यांनी हात पुढे करताच तिनं सुरी मागे घेतली.

“नुसतं बघा. पांढरंशुभ्र आहे.”

“स्तामेनाबाई, आतून आंबलंय का, ते बघून कसं कळणार?” डॉक्टर हसले.

“माझ्या पोटाचं बरं कळलं!” शेजारच्या बायकांच्या माना वळल्या. “घशातून नळी घालून नुसतं पाहिलंत आणि म्हणालात, सगळं स्वच्छ आहे, बाईच्या मनाचे खेळ. वर्षभर घासाघासाला पोट जळत होतं, आणि घरात मला नाटकी म्हणत होते. परवा बेलग्रेडच्या डॉक्टरीणबाईंनी आतून मसुराएवढा तुकडा काढून तपासला. सूज निघाली, चांगली जुनी.”

“अहो, पण दिसायला खरंच स्वच्छ होतं...”

“हेही दिसायला स्वच्छच आहे.” तिनं चीजवर फडकं ओढलं. “पाव किलो चीज घ्यायचं तर आधी तुकडा मागता, डॉक्टरसाहेब. माझ्या पोटाचा का नाही घेतलात?”