पथ्याचं वॉफल

सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून आमच्या घरात लोणी फक्त देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला मिळतं. नाश्त्याला कोरडं थालीपीठ दिसलं की अप्पा रुसून बसतात.

शेवटी रविवारी मी नाचणी, ज्वारी आणि गव्हाचं जाडसर पीठ ताकात भिजवलं आणि नव्या मशीनमध्ये वॉफल केलं.

"अप्पा, पथ्याचं आहे. गरम आहे तोवर खा."

सासूबाईंनी चष्मा लावून वॉफल न्याहाळलं. "थालीपिठावरून लोण्याचा गोळा घसरतो मेला. इथे बघा, सोळा खड्डे आयते!"

मी चहा गाळून वळले, तर सोळाही खड्डे पांढरेशुभ्र झाले होते. बाळकृष्णासमोरची वाटी रिकामी होती.

"डॉक्टरांना फोन करून सांग," अप्पा मिशी पुसत म्हणाले, "हे पथ्य मी जन्मभर पाळीन."