आधी तापू दे

बाबांच्या जुन्या सिंथेसायझरचा आवाज नव्या डिजिटलवर उतरवताना आठ दिवसांत माझ्या नाकी नऊ आले होते. सूर जुळायचा, पण त्यात जीव नसायचा.

जुना चालू केला की तापेपर्यंत त्याचा सूर किंचित घसरायचा. बाबा झाकणावर तळहात ठेवून वाट बघायचे. शेवटी वैतागून मी तेवढी घसरण नव्यात घातली आणि पट्टी दाबली. हुबेहूब!

आतून आई म्हणाली, "अरे, आधी तापू दे की. ते ओरडतील."

"आई, हा नवा आहे. हा तापत नाही."

मी तो बंद केला. कोपऱ्यातल्या जुन्याची वायर बाबा गेले तेव्हाच कापून टाकली होती. तरी त्याच्या झाकणावरून हात फिरवला.

झाकण थंडगार होतं. फक्त मधे, तळहाताएवढीच जागा कोमट होती.