फक्त वायरिंग बाकी

गाडी बघायला आलेल्या बाईंनी बोनेट उघडून विचारलं, "इंजिन कुठाय?"

"घरात. ओट्याखाली," मी म्हणालो. माझी लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स गाडी नऊ वर्षं अंगणात अर्धवट पडली होती. आज विकली नाही तर उद्या भंगारवाला बोलावते, असं बायकोनं बजावलं होतं.

"पूर्ण का नाही केलीत?"

पार्ट मिळत नाहीत, ही थाप ओठांवर आलेली गिळली. "जमलं नाही. अक्कल कमी पडली."

बाई खदखदून हसल्या. "पाच गाड्या बघितल्या. पाचही जण म्हणाले, फक्त वायरिंग बाकी आहे. खोटारडे मेले! घेतली ही."

गाडी टेम्पोत चढली, तशी बायको ओरडत धावली, "ताई, डावं दार जरा उचलून लावा हं! आणि रंग लालच ठेवा, सांगून ठेवते!"